युक्रेनी कीबोर्ड-स्टिकर: आयर्लंडमधल्या गावच्या ग्रंथालयात नऊ महिने वापरल्यानंतर

'एस'च्या बटणावरचा स्टिकर गेल्या आठवड्यात पुन्हा निघून आला. नऊ महिन्यांत ही तिसरी वेळ, आणि तिन्ही वेळा तेच बटण. हे संगणक क्लेअर काउंटीच्या उत्तर टोकाला असलेल्या एका छोट्या गावच्या ग्रंथालयातले. एकूण चार. २०२२पासून आसपासच्या हॉटेलांत आणि घरांत उतरलेली युक्रेनी मंडळी ते रोज वापरतात. युक्रेनी मांडणीत 'एस'च्या जागी 'इ' येतो आणि तो शब्दागणिक लागतो. मीठ, पाव, तेल, तिन्हींत तो आहे. म्हणून तोच स्टिकर आधी झिजतो.

पण खरा राग पहिल्या संचाचा आहे. पाकिटावर नुसतं 'सिरिलिक' छापलेलं होतं, आत निघाले रशियन. सिरिलिक ही दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने लावताना कुणाला शंका आली नाही. रशियन संचात युक्रेनीची चार अक्षरं नसतात: 'इ', दोन टिंबांचा 'यी', 'ये' आणि शेंडीवाला 'ग'. 'यी' नसला तर 'युक्रेन' हा शब्दच लिहिता येत नाही, 'कीव'ही नाही. ळ नसलेला कीबोर्ड देऊन मराठी मुलाला 'शाळा' लिही म्हणण्यातला हा प्रकार. शेंडीवाला 'ग' सोव्हिएत राजवटीने १९३३मध्ये वर्णमालेतूनच काढला होता, तो १९९०मध्ये परत आला. ज्या देशाच्या तोफांपुढून माणसं घरदार सोडून आली, त्याच देशाची अक्षरं त्यांच्या बोटांखाली ठेवायची, हे सहन होण्यासारखं नाही. चार-पाच युरोंची खरेदी असली तरी पाकीट फोडण्याआधी 'यी' शोधा. तो दिसला नाही तर परत करा.

गावातल्या किराणा दुकानासाठी फळीवरच्या युक्रेनी चिठ्ठ्या याच संगणकावर टाइप झाल्या. दुकानदारांनी मनापासून केलेलं काम. पहिल्या संचाच्या स्टिकरांत 'इ' सापडेना, म्हणून त्याजागी इंग्रजी 'आय' टाकला गेला. छापल्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, त्यामुळे चिठ्ठीचं निभावलं. तीच सवय ग्रंथालयाच्या सूचीत मात्र अंगाशी येते. युक्रेनी पुस्तकाच्या नावात इंग्रजी 'आय' गेला की पुस्तक समोरच्या कपाटात असूनही 'काही सापडलं नाही' असं उत्तर येतं. संगणकाच्या लेखी ती दोन निराळी अक्षरं आहेत.

दुसरा संच बरोबर निघाला. पारदर्शक घ्या, म्हणजे खालची इंग्रजी अक्षरं दिसत राहतात. गावातल्या बाकीच्या लोकांनाही हेच संगणक वापरायचे असतात. काळ्या बटणांवर पिवळी किंवा पांढरी अक्षरं चांगली उठतात. लावण्याआधी संगणक बंद करून बटणं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या, स्टिकर चिमट्याने ठेवून मधून कडांकडे दाबा. नंतर मात्र अल्कोहोल लावलेलं फडकं त्यांच्यावर फिरवू नका. त्याने कडा उचलल्या जातात आणि शाई पुसट होते. ओलसर कापड पुरतं.

विंडोजमध्ये भाषा जोडताना साधी 'युक्रेनियन' न घेता 'युक्रेनियन एनहान्स्ड' मांडणी घ्या. तिच्यात '१'च्या डावीकडच्या बटणावर अपॉस्ट्रॉफी मिळतो. तो शोभेचा नाही: नाव, कुटुंब, पाच हे शब्द त्याच्याशिवाय अशुद्ध ठरतात. शेंडीवाल्या 'ग'साठी उजवीकडचं ऑल्ट-जीआर धरून 'यू' दाबायचं. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस.

इथे एक अडचण हमखास येते. सार्वजनिक संगणक वापर संपला की स्वतःला पुसून मूळ स्थितीत जातात. सकाळी जोडलेली युक्रेनी मांडणी दुपारच्या माणसाला मिळत नाही. स्टिकर दिसतात, पण उमटतं इंग्रजी. संगणक दर वेळी ज्या मूळ प्रतीवर परत जातो तिच्यातच ही मांडणी घालून घ्यावी लागते, आणि ते काम संगणक विभागाचं. आमच्याकडे त्याला सहा आठवडे आणि चार स्मरणपत्रं लागली. दहा मिनिटांच्या कामाला एवढा वेळ लागू नये. तोवर फोनवर लिहून स्वतःलाच ईमेल करायचं आणि इथे उघडून छापायचं, एवढीच वाट होती.

चौथ्या महिन्यानंतर मत थोडं बदललं. तरुण मुलं स्टिकरांकडे बघतही नाहीत. दिवसा इथली शाळा आणि संध्याकाळी ऑनलाइन युक्रेनी शाळा करणाऱ्यांची बोटं आपोआप चालतात. स्टिकर लागतात ते साठीच्या पुढच्यांना. चारही संगणकांवर लावायची गरज नव्हती, दारापासून दूरचा एक शांत कोपरा पुरला असता.

आणि सुरुवातीची भाषा इंग्रजीच ठेवा. याचं कारण पासवर्ड. तिथे फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे मांडणी युक्रेनी राहिली आहे हे कळत नाही. तीन-चारदा चुकलं की खातं अडकतं. इथल्या दुकानांत, कॅफेत, बेकरीत पहिली नोकरी धरलेल्या माणसाला महसूल खात्याच्या 'मायअकाउंट'मध्ये ती नोकरी नोंदवावी लागते. नोंदणी राहिली तर आपत्कालीन कर लागतो. पीपीएस क्रमांक (आयर्लंडमधला वैयक्तिक ओळख क्रमांक) दिलेला असला तरी पाचव्या आठवड्यापासून सगळ्या पगारावर ४० टक्के. नंतर तो परत मिळतो, पण ताशी वेतनावर जगणाऱ्या घराचा तो महिना वाया जातो. म्हणून पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह आधी बघायला शिकवा. त्याच नोंदणीत नाव पासपोर्टवर इंग्रजीत छापलंय अगदी तसंच टाका. युक्रेनी 'सेर्ही'चा रशियन 'सर्गेई' करू नका.

आता 'एस'च्या बटणाचा उपाय. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात स्क्रीन-गार्डचे उरलेले तुकडे मिळतात. गावातल्या दुकानाने ते फुकट दिले. काचेचा नको, लवचिक प्लास्टिकचाच हवा. बटणाच्या माथ्यापेक्षा चारही बाजूंनी एक मिलिमीटर लहान चौकोन कापा, कोपरे गोल करा आणि नव्या स्टिकरवर चिकटवा. कोपरे टोकदार राहिले तर नख अडकून दोन्ही एकदम निघतात. चुकीच्या संचातली बाकीची अक्षरं दोन्ही भाषांत त्याच जागी असल्याने सुटी म्हणून चालतात. पण 'इ', 'यी' आणि 'ये'चे जादा स्टिकर काउंटरवरच्या पाकिटात वेगळे ठेवा.