एक जेट, दोन कंपन्या: खर्च वाटून घेण्याचे अमेरिकी नियम शेजारी शेजारी ठेवून

कंपनीचं जेट घेतलं की वर्षभरात हिशेब बघणारा माणूस एक कागद पुढे सरकवतोच. विमान उडो वा न उडो, पायलटांचे पगार, हँगरचं भाडं, विम्याचा आणि कर्जाचा हप्ता हे सगळं चालूच असतं. विमान मात्र महिन्यातले बरेच दिवस उभं. ओळखीतली दुसरी कंपनी ते वापरायला तयार आहे, पैसेही देईल. मग हरकत काय?

हरकत अशी की अमेरिकेत विमानात कुणाला बसवून त्याबद्दल पैसे घेतले, की एफएए ही तिथली नागरी विमान वाहतूक यंत्रणा त्याकडे व्यावसायिक हवाई वाहतूक म्हणून बघायला लागते. त्यासाठी पार्ट १३५ (एफएएच्या नियमांतला भाड्याच्या वाहतुकीचा भाग) खालचं एअर कॅरियर सर्टिफिकेट लागतं, आणि तुमचं जेट उडतंय पार्ट ९१ खाली, म्हणजे खाजगी वापराच्या नियमांवर. ‘आम्ही नफा कुठे घेतला, फक्त खर्च घेतला’ ही सबब चालत नाही. एफएएच्या लेखी खर्चाची भरपाई हाही मोबदलाच. खाली जे मार्ग आहेत ते या मूळ नियमाला दिलेल्या सवलती आहेत, आणि सवलत म्हटली की तिच्या चौकटीत राहावं लागतं.

पर्याय निवडताना बहुतेक जण ‘कशात जास्त पैसे वसूल होतात’ इथून सुरुवात करतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: हे उड्डाण कुणाचं? नियमांत याला ऑपरेशनल कंट्रोल म्हणतात. उड्डाण सुरू करायचं, चालू ठेवायचं की थांबवायचं, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे तो ऑपरेटर. अपघात झाला, नियम मोडला, तर दार त्याचंच ठोठावलं जातं. करारावर नाव काहीही असो, पायलट कुणाचा आणि तो कुणाचं ऐकतो यावर गाडी येऊन थांबते.

टाइम शेअरिंग: सोपं, पण हात आखडता

१४ सीएफआर या अमेरिकी हवाई नियमसंग्रहातल्या ९१.५०१ या कलमात तीन व्यवस्था सांगितल्या आहेत: टाइम शेअरिंग, इंटरचेंज आणि जॉइंट ओनरशिप. पैकी टाइम शेअरिंग सगळ्यांत जास्त वापरात. तुम्ही विमान तुमच्या पायलटांसकट दुसऱ्याला त्या उड्डाणापुरतं देता. ऑपरेटर तुम्हीच राहता. वसुलीला मात्र कायद्यानं यादीच बांधून दिली आहे: इंधन आणि तेल, क्रूचा प्रवास, राहणं-जेवण, मुक्कामाच्या विमानतळावरचं हँगर, त्या उड्डाणापुरता काढलेला विमा, लँडिंग फी, कस्टम्स आणि परदेशी परवान्यांचे पैसे, विमानातलं खाणंपिणं, प्रवाशांची जमिनीवरची गाडी, फ्लाइट प्लॅनिंग आणि हवामान सेवा. आणि शेवटी एक गंमतशीर कलम: इंधन-तेलाच्या खर्चाइतकीच रक्कम आणखी एकदा. थोडक्यात, इंधन दुप्पट.

आकड्यांत बघू. समजा दोन तासांच्या उड्डाणाला ४०० गॅलन इंधन लागलं आणि भाव पडला गॅलनला ६ डॉलर. इंधन २,४०० डॉलर, वरची तेवढीच रक्कम २,४००, लँडिंग, क्रूचं हॉटेल आणि केटरिंग मिळून ९०० धरू. कमाल वसुली ५,७०० डॉलर. यात पायलटांचा पगार नाही, घरच्या विमानतळावरचं हँगर नाही, घसारा नाही, इंजिनच्या देखभाल कार्यक्रमाचा ताशी दरही नाही. ती वरची २,४०० या सगळ्याच्या नावानं दिलेली ठोक रक्कम समजा. पुरेल न पुरेल ते तुमचं नशीब. महिन्याची ठरावीक फी लावायची सोय तर नाहीच. करारात ‘मासिक किमान रक्कम’ असं काही दिसलं, तर वकिलाला फोन करा.

दुसरा फटका कराचा. एफएएच्या दृष्टीनं हे उड्डाण खाजगी, पण आयआरएसच्या, म्हणजे कर खात्याच्या, दृष्टीनं तुम्ही पैसे घेऊन वाहतूक केलीत. त्यांची कसोटी निराळी: विमानाचा ताबा, हुकूम आणि नियंत्रण कुणाकडे? टाइम शेअरिंगमध्ये ते देणाऱ्याकडेच राहतं. म्हणून देशांतर्गत उड्डाणाच्या रकमेवर ७.५ टक्के फेडरल एक्साइज टॅक्स, शिवाय प्रवाशामागे सेगमेंट फी, म्हणजे उड्डाणाच्या प्रत्येक टप्प्याची ठरावीक रक्कम. वरच्या उदाहरणात ७.५ टक्क्यांचे ४२७.५० डॉलर होतात, आणि ते गोळा करून भरायची जबाबदारी तुमची. एकाच उड्डाणाला एक सरकारी खातं खाजगी म्हणतं, दुसरं व्यावसायिक, आणि आपापल्या कायद्यानुसार दोघंही बरोबर.

मग हा मार्ग कुणासाठी? अधूनमधून विमान वापरणाऱ्या दुसऱ्या कंपनीसाठी, आणि त्याहून जास्त, स्वतःच्या खाजगी सहलीचे पैसे कंपनीला देऊ इच्छिणाऱ्या बड्या अधिकाऱ्यासाठी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत अधिकाऱ्याला मिळणाऱ्या अशा सवलती एकूण १०,००० डॉलरच्या घरात गेल्या की त्या जाहीर कराव्या लागतात. त्यामुळे अनेक सीईओ आपल्याच कंपनीशी टाइम शेअरिंगचा करार करून मोकळे होतात.

जॉइंट ओनरशिप: दोन कंपन्यांना मला आवडणारा मार्ग

इथे विमानाच्या एफएए नोंदणीवर दोघांची नावं असतात. दोघांपैकी एक मालक पायलट नेमतो आणि पुरवतो, बाकीचे करारात ठरलेला वाटा देतात. टाइम शेअरिंगसारखी खर्चाची यादी नाही. पगार, हँगर, विमा, देखभाल, सगळं वाटून घेता येतं. दोघांचा वापर नियमित असेल, आणि पाच-सात वर्षं एकमेकांचं तोंड बघायची तयारी असेल, तर हिशेबाला यासारखं सरळ काही नाही.

पण इथेच लोक ‘जरा हुशारी’ करायला जातात. दोन कंपन्या मिळून एक नवी एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढतात, विमान तिच्या नावावर घेतात, पायलटही तिच्याच पगारावर ठेवतात आणि महिन्याच्या शेवटी वापरानुसार पैसे भरतात. कागदावर किती नीटनेटकं दिसतं! पण आता नोंदणीकृत मालक एकच उरला, ती एलएलसी. जॉइंट ओनरशिपची सवलत गेली. शिवाय त्या एलएलसीला विमान उडवण्याशिवाय दुसरा धंदा नाही आणि ती उड्डाणाचे पैसे घेते. म्हणजे तिचा धंदाच हवाई वाहतूक झाला, तोही सर्टिफिकेटशिवाय. या क्षेत्रात याला ‘फ्लाइट डिपार्टमेंट कंपनी’चा सापळा म्हणतात. एकाच कंपनीनं दायित्व वेगळं ठेवायला म्हणून अशी रिकामी एलएलसी काढली, तरी सापळा तोच. गंमत म्हणजे हा सल्ला कित्येकदा विमानन न जाणणाऱ्या, पण एरवी उत्तम असलेल्या वकिलाकडून किंवा सीपीएकडून (सनदी लेखापालाकडून) आलेला असतो. इमारत किंवा बोट असती तर तो योग्यही ठरला असता.

एलएलसी हवीच असेल तर तिनं फक्त मालकी ठेवावी आणि विमान ड्राय लीजवर, म्हणजे पायलटाशिवाय भाड्यानं, खरा धंदा करणाऱ्या कंपनीला द्यावं. पायलट त्या कंपनीचे.

एकाच समूहातल्या कंपन्यांचं प्रकरण सोपं आहे. मूळ कंपनी, तिची उपकंपनी, मूळ कंपनीची दुसरी उपकंपनी, यांनी एकमेकांकडून विमान बाळगण्याचा, चालवण्याचा आणि देखभालीचा पूर्ण खर्च घ्यायला हरकत नाही. अट एवढीच की प्रवास कंपनीच्या धंद्याशी निगडित आणि त्या धंद्याला पूरक असावा, आणि तो धंदा हवाई वाहतुकीचा नसावा. कामाशी संबंध नसलेल्या पाहुण्याकडून मात्र एक डॉलरही घेता येत नाही.

इंटरचेंज

तुमचं विमान त्यांना, त्यांचं तितकेच तास तुम्हाला. पैसे घ्यायचे नाहीत. दोन विमानांच्या खर्चात फरक असेल तर फार तर तेवढा. कल्पना सुरेख, पण दोघांकडे विमान हवं आणि गरज उलटसुलट वेळी पडायला हवी. एकाचं विमान मोठ्या तपासणीसाठी बाहेर गेलं की कामाला येणारी ही व्यवस्था. मुख्य आधार म्हणून ती धरू नका.

ड्राय लीज: सर्वांत मोकळा आणि सर्वांत जास्त दुरुपयोग होणारा

पायलटाशिवाय नुसतं विमान भाड्यानं दिलं, की भाडं किती घ्यायचं यावर ९१.५०१ चं बंधन नाही. नफाही घ्या. ऑपरेटर होतो भाडेकरू, त्यामुळे जबाबदारीही त्याची. ऐकायला इतकं छान, की टाइम शेअरिंगची यादी वाचून वैतागलेला प्रत्येक मालक इथेच येऊन पोचतो.

अडचण पायलटांची. भाडेकरूनं ते स्वतः शोधायचे, स्वतः नेमायचे, पैसे स्वतः द्यायचे. मालकानं विमानाबरोबर एक जरी क्रू मेंबर दिला तरी ती वेट लीज, म्हणजे क्रूसकट दिलेलं विमान. मग एका हातानं ‘ड्राय लीज’ची सही आणि दुसऱ्या हातानं ‘पायलट सेवे’चा वेगळा करार, तोही मालकाच्याच भावाच्या कंपनीशी, असे प्रकार सुरू होतात. एफएए दोन्ही कागद एकत्र ठेवून वाचते. तपासणीला आलेला इन्स्पेक्टर भाडेकरूलाच विचारतो: हे उड्डाण कोण चालवतंय? विमान आज उडण्याच्या अवस्थेत आहे हे तुम्ही कसं ठरवलंत? पायलट तुम्ही कसा निवडलात? समोरच्यानं ‘मी फक्त तिकिटासारखे पैसे दिले’ म्हटलं, की कागदांना अर्थ उरत नाही. २ फेब्रुवारी २००५ ला न्यू जर्सीतल्या टेटरबरो विमानतळावर एक चॅलेंजर ६०० जेट धावपट्टी ओलांडून, महामार्ग पार करून एका गोदामावर आदळलं. तिथला व्यवहार चार्टरचा होता, ड्राय लीजचा नव्हे, पण तपासात प्रश्न हाच पुढे आला: ऑपरेशनल कंट्रोल नेमका कुणाकडे होता? त्यानंतर एफएए या विषयावर कडक झाली.

समोरच्या कंपनीकडे स्वतःचे पायलट असतील, तरच हा मार्ग धरा.

फ्रॅक्शनल आणि पार्ट १३५

फ्रॅक्शनल मालकी, म्हणजे विमानाचा छोटा हिस्सा विकत घेणं, १९८६ मध्ये नेटजेट्सनं रूढ केली. तिचे नियम २००३ मध्ये पार्ट ९१ च्या सबपार्ट के मध्ये आले. साध्या जेटमध्ये किमान हिस्सा एक षोडशांश, हेलिकॉप्टरमध्ये एक बत्तिसांश. सोबत सर्व मालकांत ड्राय लीजची देवघेव, अनेक वर्षांचे करार आणि व्यवस्थापन कंपनी. दोन मित्रांनी मिळून उभं करण्याजोगं हे प्रकरण नाही. स्वतःचं विमान नको असेल आणि वापर थोडा असेल तर तयार कार्यक्रमातला हिस्सा बघा. पण तो ‘खर्च वाटण्या’चा पर्याय नसून दुसराच निर्णय आहे.

पैसे कमवायचेच असतील तर विमान पार्ट १३५ सर्टिफिकेट असलेल्या चार्टर कंपनीकडे व्यवस्थापनाला द्या. ती बाहेरच्यांना कितीही दरानं विकू शकते. ७.५ टक्के कर तिथेही आहेच. पायलटांच्या ड्युटीचे आणि देखभालीचे नियम कडक होतात, विमानाचे तास भराभर वाढतात, आणि सोमवारी सकाळी तुम्हाला हवं तेव्हा ते दुसऱ्याच्या सेवेत असू शकतं.

तुमचं विमान या कलमात बसतं का?

हा प्रश्न खरं तर आधी विचारायला हवा. ९१.५०१ मोठ्या विमानांना लागू, म्हणजे कमाल उड्डाण वजन १२,५०० पौंडांहून जास्त, आणि त्याशिवाय एकाहून जास्त टर्बोजेट इंजिनांच्या विमानांना. फेनम १०० वजनानं लहान, पण दोन जेट इंजिनं असल्यानं आत. पीसी-१२ एका टर्बोप्रॉप (पंखा फिरवणाऱ्या) इंजिनाचं, म्हणून बाहेर. सिरस व्हिजन जेट नावाला जेट असलं तरी इंजिन एकच, म्हणून तेही बाहेर. अशा विमानांना एनबीएए या संघटनेच्या सदस्यत्वावर मिळणारी एफएएची सूट वापरून या तीन व्यवस्था करता येतात. सदस्यत्वाची फी बघून नाक मुरडणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूचा दंड आठवावा.

आणि १२,५०० पौंडांच्या वर असाल, तर लीज कुठलीही असो, ‘ट्रुथ इन लीजिंग’ची कागदपत्रं आलीच: सहीच्या लगेच वर मोठ्या अक्षरांत ऑपरेशनल कंट्रोल कुणाकडे ते लिहिलेलं कलम, करार झाल्यापासून २४ तासांत ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयाला प्रत, पहिल्या उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी एफएएच्या जिल्हा कार्यालयाला सूचना, आणि एक प्रत विमानात. टाइम शेअरिंग आणि इंटरचेंजही लीजच, हे बरेच जण विसरतात.

छोट्या विमानाचा खाजगी पायलट मित्रांबरोबर खर्च वाटतो, ते प्रकरण यात मिसळू नका. तो ६१.११३ चा विषय: फक्त इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं, त्यातही पायलटनं आपला समान वाटा भरायचाच, आणि प्रवासाला पायलट आणि प्रवासी दोघांचंही सामायिक कारण हवं. इंटरनेटवर प्रवासी शोधून हेच करू पाहणाऱ्या फ्लाइटनाऊ कंपनीला २०१५ मध्ये डी.सी. सर्किट न्यायालयानं नकार दिला.

कुठलाही मार्ग ठरला, तरी सही करण्याआधी कराराचा मसुदा विमा कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला पाठवा. पॉलिसीत ‘मान्य वापर’ काय लिहिलाय ते वाचा, आणि दुसऱ्या कंपनीचं नाव विमाधारक म्हणून जोडून घेतल्याचं पत्र लेखी हातात आल्याशिवाय तिचा पहिला प्रवासी विमानात चढवू नका.