बारा वर्षांच्या भाच्यासाठी स्टीरिओ मायक्रोस्कोप: काही महिन्यांच्या वापरानंतर

अकरा-बारा वर्षांच्या मुलांना वाढदिवसाला काय द्यायचं, हा प्रश्न खरंच अवघड आहे. खेळण्यांचं वय सरलेलं असतं, मोठ्यांच्या वस्तूंचं अजून आलेलं नसतं. विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "काहीही चालेल." माझ्या भाच्याच्या बाबतीत तर आणखीच पंचाईत होती. त्याला ठरावीक असा छंद नाही. कपड्यांत दुसऱ्या कुणी लक्ष घातलेलं आवडत नाही आणि पुस्तकं तो स्वतः निवडलेलीच वाचतो. दादा म्हणाला, "सरळ पैसे दे, त्याचं तो बघेल." मला ते पटलं नाही. बराच विचार करून मी त्याला स्टीरिओ मायक्रोस्कोप दिला. आता तो चांगला वापरून झालाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे यंत्र म्हणजे काय ते सांगते. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो कंपाउंड मायक्रोस्कोप. त्याला काचपट्टी लागते, वस्तूचा पातळ काप लागतो, खालून प्रकाश लागतो आणि चित्र उलटं दिसतं. काचपट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. स्टीरिओमध्ये दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या मार्गाने चित्र मिळतं, त्यामुळे खोली दिसते आणि चित्र सुलट असतं. भिंग आणि वस्तू यांच्यामध्ये काही सेंटीमीटर मोकळी जागा राहते. वस्तू जशी आहे तशी खाली ठेवायची, वरचा दिवा लावायचा, नॉब फिरवायचा. बस्स. मोबाईल दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर असतो तो याच जातीचा.

ज्या मुलाला कशाची फारशी ओढ आहे असं वाटत नाही, त्याच्यासाठी ही मोकळी जागा फार महत्त्वाची ठरते. काप घ्या, पाण्याचा थेंब टाका, वरची काच बुडबुडा न येता ठेवा, एवढं सगळं करून काहीच दिसलं नाही, तर असा मुलगा ती वस्तू परत हातात घेत नाही. इथे पहिल्याच मिनिटाला काहीतरी दिसतं, आणि ते त्याचं त्याने शोधलेलं असतं.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका, हे मात्र आवर्जून सांगते. मुलांसाठीच्या मायक्रोस्कोपवर सर्रास '१२०० पट' छापलेलं असतं. साध्या प्रकाशात सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत. ही मर्यादा एर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्येच दाखवून दिली होती, आणि स्वस्त भिंगं तिच्या जवळपासही पोचत नाहीत. चित्र मोठं होतं, पण मोठं धूसर होतं. आमचा मायक्रोस्कोप २० आणि ४० पट एवढाच आहे. २० पटीला साधारण १० मिलिमीटरचा गोल दिसतो, ४० पटीला ५ मिलिमीटरचा. ऐकायला कमी वाटतं, पण मुंगी अख्खी दिसायची असेल तर एवढंच लागतं.

टेलिस्कोपचाही विचार केला होता. तिथेही आकड्यांचं तेच. भिंगाच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे दोन पट, ही वरची मर्यादा धरतात. म्हणजे ६० मिलिमीटरच्या टेलिस्कोपला फार तर १२० पट झेपतं. शिवाय काळोख हवा, निरभ्र आकाश हवं आणि रात्री सोबत जागणारं मोठं माणूस हवं. रोबोटचे किट एकदा जोडून झाले की संपतात. यूएसबीने स्क्रीनवर दाखवणारे मायक्रोस्कोप मी मुद्दाम टाळले. त्यात खोली दिसत नाही, आणि मुलाच्या पुढ्यात आणखी एक स्क्रीन येतो.

पहिल्या दिवशी त्याने मीठ ठेवलं, मग साखर. मिठाचे चौकोनी ठोकळे बघून "बरं आहे" एवढंच म्हणाला. मग स्वतःहून वडिलांचा मोबाईल आणला, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडलं आणि भिंगाखाली सरकवलं. बराच वेळ गप्प होता. मग मला ओढून नेत म्हणाला, "आत्या, यात पांढरं काहीच नाहीये!" खरंच नव्हतं. लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या शेजारी शेजारी पेटलेल्या होत्या. लगेच त्याने छापील मासिकातला एक चेहरा खाली ठेवला, तर तिथे निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके. स्क्रीनवर रंग उजेड मिसळून होतो आणि कागदावर शाई उजेड खाऊन टाकते, हे मी त्याला तेव्हा सांगितलं आणि त्याने ते ऐकून घेतलं. एरवी माझं असलं काही ऐकून घेणारा मुलगा तो नव्हे.

नंतर मध्येच काही आठवडे मायक्रोस्कोप नुसता पडून होता. वहिनीला वाटलं, संपलं. मी तिला सांगितलं की आठवण करून देऊ नकोस, 'आज काय बघितलंस' असंही विचारू नकोस. या वयात एखाद्या वस्तूचा अभ्यास झाला की मुलं तिच्यापासून लांब पळतात. धान्यात सोंडकिडे झाले तेव्हा मायक्रोस्कोपवरचं आवरण परत निघालं. या किड्याची सोंड ४० पटीत बघण्यासारखी आहे. सोंडेच्या टोकाला तोंड असतं आणि कोपरात वाकल्यासारख्या मिशा त्या सोंडेवरच फुटलेल्या असतात. पाठीवर चार फिकट डाग दिसतात. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. भोकं पडलेले दाणे त्याने वेगळे काढले, चिमट्याने एक फोडला, तर आत पांढरी अळी. तेव्हापासून तो एका वहीत चित्रं काढून ठेवतो. वही कुणाला दाखवत नाही, आणि मीही मागत नाही.

घरच्यांनाही त्याचा उपयोग होतो. हातात गेलेली बारीक कुसळं दादा आता त्याखालीच काढतो, आणि मायक्रोस्कोप लावून देण्याचा मान भाच्याचा. घरातल्या एका गोष्टीत मोठी माणसं त्याला विचारतात, हे त्याला फार आवडलंय.

आता तक्रारी. काही दिवसांनी वरचा भाग आपोआप खाली घसरायला लागला, त्यामुळे फोकस टिकेना. विक्रेत्याला विचारलं तर 'बदलून मिळणार नाही' एवढंच उत्तर आलं. उपाय सोपा निघाला. दोन्ही बाजूंचे नॉब दोन हातांनी धरून एकमेकांच्या उलट दिशेने हलकेच पिळले की पकड घट्ट होते. बऱ्याच मॉडेलना ही सोय असते, पण आमच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नव्हता. आयपीसवरच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांवरच्या, रबरी वाट्या चिरल्या आहेत. मोबाईल आयपीसवर धरून फोटो काढणं जिकिरीचं आहे, त्यासाठी वेगळी पकड घ्यावी लागते. शिवाय हे यंत्र जड आहे, त्यामुळे त्याला कायमची जागा हवी. कपाटात ठेवलं तर परत बाहेर येणार नाही.

घेताना एक गोष्ट नक्की तपासा: दोन आयपीसमधलं अंतर किती कमी करता येतं. मोठ्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, या वयाच्या मुलांचं साधारण ५५ ते ६०. अंतर तेवढं कमी होत नसेल, तर मूल एकच डोळा लावून बघतं आणि स्टीरिओ घेण्याला अर्थ राहत नाही. दिवे वर आणि खाली असे दोन्ही हवेत. धूळ आधी फुंकणीने उडवा, मगच भिंग पुसा. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून आवरणाखाली सिलिका जेलची पुडी ठेवा.

ज्या मुलाला आधीपासूनच पेशी किंवा डबक्याच्या पाण्यातले जीव बघायचे आहेत, त्याच्यासाठी हे नाही. त्याला कंपाउंडच द्या. त्यात वस्तूजवळची ४, १० आणि ४० पटीची भिंगं पुरतात (आयपीस ते चित्र आणखी मोठं करतो), तेलाचा थेंब टाकून वापरायचं १०० पटीचं भिंग सुरुवातीला नको. आमच्याकडेही ती मागणी गेल्या आठवड्यात आली. शेवाळातल्या पाण्यात काहीतरी हललेलं त्याला दिसलं, पण स्टीरिओच्या एकूण ४० पटीत ते काय आहे हे कळेना. पुढच्या वाढदिवसाला काय द्यायचं, हे या वेळी त्यानेच सांगितलंय.