शंभराचा स्टॅम्प आणि मोगली एरंड

मोगली एरंड आम्हाला काही नवा नव्हता. सांगोला तालुक्यात निम्म्या बांधांना त्याचंच कुंपण. शाळेला जाता-येता पानाचा देठ मोडायचा, चिकाचा पडदा धरायचा आणि हळूच फुंकर मारून फुगे उडवायचे, हा आमचा खेळ होता. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, म्हणून तर कुंपणाला लावायचा. हेच झाड 2006 साली ‘जट्रोफा’ नाव घेऊन, बियांच्या तेलापासून बायोडिझेल (डिझेलमध्ये मिसळायचं इंधन) करायचं म्हणून परत आलं आणि आम्ही त्याची रोपं सात रुपयांना एक अशी विकत घेतली.

सतरा वर्षं हे कुठं लिहिलं नव्हतं. लाज वाटत होती, दुसरं काय. गेल्या महिन्यात पुतण्यानं एका माहितीपत्रकाचा फोटो पाठवला. आता जट्रोफाच्या जागी करंज आहे आणि इंधनाच्या जोडीला कार्बन क्रेडिट, म्हणजे झाडांनी हवेतला कार्बन शोषल्याबद्दल मिळणारे पैसे, आहे. बाकी मजकूर तोच. ‘पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, जनावर तोंड लावत नाही, खरेदीची हमी.’ फोटो बघितला आणि लिहायला बसलो.

त्या वेळी रोपं विकणाऱ्या कंपनीनं आमच्या गावात मंगल कार्यालय घेऊन मेळावा भरवला होता. चहा, पोहे, स्टेजवर जट्रोफाची कुंडी. बोलणारा माणूस चाळिशीचा, शर्ट इन केलेला, बोलणं मात्र आपल्यातलं. त्यानं सांगितलं, 31 डिसेंबर 2002 ला दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून धावली. राष्ट्रपती भवनाच्या आवारात जट्रोफा लावलाय, कलाम साहेब स्वतः त्याचा प्रचार करतात. तेल कंपन्या 1 जानेवारी 2006 पासून लिटरला पंचवीस रुपयांनी बायोडिझेल घेणार, सरकारचं धोरण आलंय. प्रत्येक गोष्टीचं कात्रण त्याच्या फाईलमध्ये होतं, आणि प्रत्येक गोष्ट खरी होती. मी नंतर तपासलं. खोटं त्यानं फार थोडं सांगितलं, तेही छापील तक्त्यात आकडा म्हणून.

तक्ता असा होता: दोन बाय दोन मीटरवर लागवड, एकरी हजार झाडं. तिसऱ्या वर्षापासून झाडाला चार किलो बी, किलोला सहा रुपये हमीभाव. म्हणजे एकरी चोवीस हजार, खर्च जवळपास शून्य. माझा चार एकर मुरमाड माळ होता, त्यात कुसळाशिवाय काही येत नव्हतं. वर्षाला शहाण्णव हजार! घरी येऊन हा आकडा मी कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं लिहिला होता.

चार हजार रोपांचे अठ्ठावीस हजार, एकरी हजार प्रमाणे नोंदणीचे चार हजार. खड्डे आणि लावणीची मजुरी बारा हजार. पाणी लागत नाही म्हणाले होते, पण पहिल्या उन्हाळ्यात रोपं माना टाकायला लागली आणि टँकरला नऊ हजार गेले. दोन कालवडी विकल्या. आमच्या हिनं तेव्हाच विचारलं होतं, “इतकी वर्षं बांधावर आहे, तेल एवढं निघतंय तर कुणी काढलं कसं नाही?” मी तिला सरकारचं धोरण समजावून सांगितलं.

करार शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर. तो मी पहिल्यांदा नीट वाचला, तो चौथ्या वर्षी. त्यात लिहिलंय की कंपनी बी घेईल, पण ‘कंपनीच्या निकषांत बसल्यास’ आणि ‘कंपनीच्या संकलन केंद्रावर शेतकऱ्याने स्वखर्चाने पोहोच केल्यास’. निकष कुठंच दिलेले नाहीत. केंद्राचा पत्ता दिलाय, तिथं जाऊन आलो. पानटपरी आणि शेजारी पंक्चरचं दुकान. सही कंपनीच्या मालकाची नाही, ‘विक्री प्रतिनिधी’ म्हणून आहे. एकाच पानाचा कागद, पण त्या दिवशी मंगल कार्यालयात रांग लागली होती आणि मागचा माणूस ढकलत होता.

दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांचा माणूस येऊन फोटो काढून जायचा. तिसऱ्या वर्षी फोन लागेना. पुण्याच्या ऑफिसात गेलो तर तिथं क्लासेस सुरू झालेले. पोलीस स्टेशनला अर्ज दिला, साहेब म्हणाले, “करार आहे ना? मग दिवाणी बाब आहे, काका.”

तरी मला वाटत होतं, माल हातात आहे तर गिऱ्हाईक मिळेल. चौथ्या वर्षी जगलेली झाडं दोन हजार नऊशे. बी निघालं तीनशे दहा किलो. झाडामागे चार किलो नव्हे, शंभर ग्रॅमच्या आसपास. दुष्काळी माळावर झाड जगतं हे खरं, पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. आणि तोडणी! एकाच घोसात एक फळ हिरवं, एक पिवळं, एक काळं वाळलेलं. एकदम ओरबाडता येत नाही, त्याच झाडाकडे चार-पाच वेळा जावं लागतं. दोन बायका दिवसभर लावल्या, संध्याकाळी टरफल काढून पंधरा-सोळा किलो बी. दोघींची मजुरी एकशे साठ. म्हणजे किलोला नुसती तोडणी दहा रुपये, आणि हमीभाव होता सहा.

गावातल्या तेलाच्या मशिनवाल्यानं पोतं आत घेऊ दिलं नाही. “खायचं तेल काढतो मी, हे विषारी आहे,” म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. हे बी खाल्लं की पोरांना उलट्या-जुलाब सुरू होतात. पेंडही जनावराला चालत नाही, खत म्हणूनच टाकायची. शेंगदाण्याला, करडईला पेंडीचा आधार असतो, तेल काढणाऱ्याचा बराचसा हिशोब तिच्यावर बसतो. इथं तोही नाही. शेवटी निंबोळी-करंज गाळणारा एक जण सापडला. शंभर किलो बियांचं चोवीस किलो तेल, म्हणजे सव्वीस लिटर. किलोमागे गाळणी तीन रुपये.

आता लिटरचा हिशोब मांडा. पावणेचार-चार किलो बी, त्याची तोडणी चाळीस रुपये, गाळणी अकरा-बारा. एक्कावन्न-बावन्न झाले आणि हे अजून नुसतं तेल आहे, बायोडिझेल नाही. पंपावर डिझेल तेव्हा चाळिशीच्या आत होतं. बरं, मजुरी सोडा, कंपनीच्या बाजूनं धरा. तिनं मला खरंच सहा रुपये दिले असते तरी बियांचेच बावीस-तेवीस झाले. वर गाळणी, तेलाचं बायोडिझेल करायला लागणारं मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा, वाहतूक, आणि विकायचं पंचवीसला. कंपनी बी घेणार नव्हती हे त्या मेळाव्यातच दोन ओळींत कळलं असतं. पन्नास माणसं होती, त्यात तीन शिक्षक, एक सोसायटीचा सचिव. कुणी भागाकार केला नाही.

ते तेल मी पंपाच्या इंजिनात वापरून पाहिलं. फडक्यातून दोनदा गाळलं, डिझेलवर इंजिन सुरू केलं, तापल्यावर तेलावर घेतलं. चाललं! तीन दिवस चाललं. बंद करायच्या आधी पुन्हा डिझेलवर घ्यायचं असतं, नाहीतर घट्ट तेल नळीत राहतं. एका संध्याकाळी लाईट आली म्हणून मोटर टाकायला पळालो आणि इंजिन तसंच बंद केलं. इंधनाचा फवारा मारणारी नोझल जाम. मिस्त्रीनं ती काढून हातावर ठेवली, टोकाला डांबरासारखी काळी गाठ. कच्चं तेल डिझेलपेक्षा दहापट तरी घट्ट असतं, त्याचा नीट फवारा होत नाही.

मग निवृत्त झालेले केमिस्ट्रीचे सर म्हणाले, करून बघू. लिटरला दोनशे मिली मिथेनॉल, चार-पाच ग्रॅम कॉस्टिक सोडा, साठ अंशांपर्यंत गरम, रात्रभर ठेवायचं. खाली ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल येतं. आमच्याकडे सकाळी बादलीत आलं ते साबणाचं घट्ट ताक. बी वर्षभर पोत्यात पडलेलं, तेलात आम्ल वाढलेलं, मग सोडा साबणच करतो. अशा तेलाला आधी आम्लाची वेगळी प्रक्रिया लागते, म्हणजे आणखी खर्च. शिवाय मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, आणि ते पेटतंही पटकन. सरांनी दुसऱ्यांदा करायला नकार दिला, मीही आग्रह केला नाही.

बायोडिझेल खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. ते बनतं, इंजिनात चालतं. पण आपल्या देशात बनतं ते मुख्यतः वापरलेल्या खाद्यतेलापासून आणि पामतेलाच्या कारखान्यांतल्या स्वस्त मालापासून. आमच्या भागातली करडई जाळायची म्हटली तर तेव्हाही तिचं तेल डिझेलपेक्षा महाग होतं. सरकारनं 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं होतं, 2018 च्या धोरणात बायोडिझेलसाठी ते 2030 पर्यंत पाच टक्के झालं. या दोन आकड्यांच्या मध्ये आमच्यासारख्यांचे माळ आहेत.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं, की त्यांची सहा-सात वर्षांची बाग दाखवा म्हण, दोन वर्षांची नको. तिथल्या शेतकऱ्याला प्रतिनिधी लांब उभा असताना विचार, बी कुणाला घातलं आणि पावती आहे का. रोपाचे पैसे हमी देणाऱ्याकडेच जात असतील तर त्याचा धंदा रोपांचा आहे, बियांचा नाही.

आणि ज्यांची फसवणूक नुकतीच झालीय त्यांच्यासाठी: ‘शेतकरी ग्राहक होत नाही’ असं कुणी सांगितलं तर गप्प बसू नका. सफेद मुसळी या औषधी पिकाच्या अशाच बाय-बॅक (कंपनीच माल परत विकत घेणार अशा हमीच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये शेतकऱ्याला ग्राहक मानलंय. पण ग्राहक आयोगात (आधीचा ग्राहक मंच) तक्रारीची मुदत दोन वर्षं असते. माझी पोलीस स्टेशनच्या बाकावरच गेली.

2013 ला जेसीबी लावून झाडं काढली, तासाला सातशे रुपयांनी. बांधावरची एक ओळ राहू दिली. करार माझ्याकडे अजून आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तुमच्या हातात तसा कागद आला असेल तर घेऊन या, दोन्ही शेजारी ठेवून वाचू.