खाणीतला हिरा की सीव्हीडी? अंगठीला एक न्याय, कुड्यांना दुसरा

मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे. तिला साखरपुड्याला एक कॅरेटची अंगठी हवी आहे आणि आजीच्या होत्या तशा सात-सात हिऱ्यांच्या कुड्या. बडोद्याच्या घडियाळी पोळात सराफाने पहिलाच प्रश्न टाकला, "नॅचरल दाखवू की सीव्हीडी?" तेव्हापासून आमच्या घरात दोन तट पडलेत.

ताईला वाटत होतं, सीव्हीडी म्हणजे अमेरिकन डायमंड. तसं नाही. सीव्हीडी म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला हिरा. अमेरिकन डायमंड हा झिर्कोनियाचा खडा, हिऱ्याशी त्याचं नातंच नाही. लॅबचा हिरा मात्र शुद्ध कार्बनचाच, काठिण्य तेच, चमक तीच. खाणीतला हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर खोल, अब्जावधी वर्षांपूर्वी घडला. हा मिथेन आणि हायड्रोजन भरलेल्या यंत्रात, हिऱ्याच्याच पातळ चकतीवर थर चढत काही आठवड्यांत तयार होतो. सराफाकडचा हातातला साधा टेस्टर फक्त उष्णता किती झरझर वाहते ते पाहतो, त्यामुळे दोघांनाही तो हिराच म्हणतो. फरक ओळखायला खास यंत्रं लागतात. पैलू पाडणारे हातही बहुतेक वेळा सुरतेचेच, म्हणजे आपल्या बडोद्यापासून दोन-तीन तासांवरचे.

किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आमच्यासमोर ठेवलेल्या दोन खड्यांपैकी सीव्हीडीचा भाव खाणीतल्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होता. पण हा भाव स्थिर नाही, हे ध्यानात ठेवा. डी बिअर्सने 2018 मध्ये लाइटबॉक्स या नावाने लॅबचे हिरे कॅरेटला 800 डॉलरने विकायला काढले, तेव्हा लोकांना ते स्वस्त वाटले. पुढे माल इतका वाढला की भाव कोसळले आणि 2025 मध्ये कंपनीने तो ब्रँडच बंद करायचं ठरवलं. आज घेतलेला सीव्हीडी उद्या याहून स्वस्त मिळेल, असं धरूनच चला.

"मोडायला गेलं तर?" हा ताईचा खरा प्रश्न. मोडीत सीव्हीडीला जवळजवळ काही येत नाही, बरेच सराफ तो परत घेतच नाहीत. पण खाणीतला हिरा म्हणजे सोनं, असंही समजू नका. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, हिऱ्याचा येत नाही, आणि घेतलेल्या किमतीतून चांगलीच कपात होते. सोनं तारण ठेवायला गेलात तर कर्ज सोन्याच्या वजनावर मिळतं, खडे कुठलेही असोत, वजा होतात. परंपरेचं म्हणाल तर खंडेराव महाराजांनी ब्राझीलचा 128 कॅरेटचा 'स्टार ऑफ द साउथ' घेतला होता. तो तरी बडोद्यात कुठे राहिला?

पर्यावरणाचा वाद मी बाजूलाच ठेवला. खाण जमीन पोखरते, लॅब वीज खाते, आणि ती वीज कशावर बनली हे दुकानात कोणी सांगत नाही.

माझा कौल असा. अंगठी रोज बोटात असते, हरवते, आपटते. तिथे सीव्हीडी घ्यावा. कुड्यांचं गणित वेगळं. पाच-सात सेंटचे (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट) खाणीतले हिरेही एका कॅरेटच्या खड्यासारखे महाग नसतात, त्यामुळे रुपयांतला फरक झेपणारा. पिढ्यान्पिढ्या घालायच्या तर तिथे खाणीतले. अडचण एवढीच की इतक्या लहान खड्यांना वेगळं सर्टिफिकेट सहसा नसतं, आणि नॅचरलच्या पुडीत सीव्हीडी मिसळण्याची भीती असते. म्हणून पुडीत मिसळ नाही ना, हे यंत्रावर तपासून देणारा सराफच गाठा आणि बिलावर 'नॅचरल' असं लिहून घ्या.

मोठ्या खड्याचं सर्टिफिकेट घ्या, आणि त्यातला नंबर खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असेल तर भिंगातून जुळवून पाहा. दागिन्यावरचा हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. बिलात सोन्याचं वजन, हिऱ्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी हवी, नाहीतर सीव्हीडीत वाचलेले पैसे घडणावळीत जातात.

अंगठीचं ठरलं, असं मला वाटलं होतं. काल भाचीचा फोन आला, "मावशी, एवढं स्वस्त आहे तर दीड कॅरेटचाच घेऊ या ना!"