आईचा डबा, बाबांच्या सीडी आणि फ्री-ॲक

ठाण्यात चरईतल्या आईच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक लाल स्पीकर असतो. सातशे रुपयांचा. त्याला एफएम लागतं, पेनड्राइव्ह लागतो आणि बोटभर पट्टीवर आकडे दिसतात. आई त्याला ‘डबा’ म्हणते. हा डबा एमपीथ्री सोडून काही वाजवत नाही. दुसरं काही दिलं की पट्टीवर दोन आडव्या रेघा काढून गप्प बसतो.

आणि माझ्याकडे होत्या फ्लॅक फायली, म्हणजे सीडीवरचा आवाज काहीही न गाळता साठवणाऱ्या. २०२०च्या टाळेबंदीत बाबांच्या १८० सीडी मी एकेक करून लॅपटॉपवर उतरवल्या होत्या. ख्याल, सतार, सरोद, थोडं नाट्यसंगीत. “उतरवायचंच आहे तर नीट उतरव,” असं नवरा म्हणाला, म्हणून फ्लॅक. एकूण भरलं ५८ जीबी. बाबा गेल्यावर आईने कधी ऐकायला मागितलं नव्हतं. या गणपतीनंतर एकदम म्हणाली, “अगं, तो सकाळचा तोडी लावून दे ना माझ्या डब्यात.” मला वाटलं दहा मिनिटांचं काम. लागला दीड महिना, आणि शेवटी ते झालं फ्री-ॲक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने.

आधी एका वेबसाइटवर प्रयत्न केला. एका वेळी दोनच फायली, त्याही ठरावीक आकारापर्यंत. आमचा एकेक विलंबित, म्हणजे संथ लयीचा, ख्याल चाळीस-चाळीस मिनिटांचा, फाइल दोनशे एमबीची. ती चढवता चढवताच माझा जेवणाचा डबा खाऊन झाला (मी वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्सला आहे, हे उद्योग लंच टाइममध्ये). मग गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एका मोबाइलवाल्याकडे गेले. चारशे रुपये, दोन दिवस. “मॅडम, टेन्शनच घेऊ नका. नंतर परत फ्लॅक पाहिजे असेल तर तेपण करून देतो.” इथेच मी उठून यायला हवं होतं.

फ्लॅक म्हणजे घडी घातलेली साडी. उलगडली की काठापदरासकट तीच साडी. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट जागा खातो. फ्लॅक साधारण निम्म्यात बसवतं आणि उघडताना बिट न् बिट परत देतं. एमपीथ्रीचं तसं नाही. ते लोणी कढवून केलेलं तूप आहे. टिकतं, कुठेही चालतं, पण त्याचं लोणी परत होत नाही. तुपाला लोण्याच्या डब्यात ओतलं म्हणजे ‘परत फ्लॅक’.

दोन दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. सगळी नावं ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. कुणाचा कुठला राग, पत्ता नाही. आणि दर सेकंदाला जेमतेम १२८ किलोबिट. तोडी लावला. आवाज सुरू झाला, गायिका ठीक, पण मागचा तानपुरा! जवारीची जी झिणझिण असते ना, एका तारेतून दुसरीत सरकणारी, ती पाण्याखाली धरल्यासारखी बुळबुळत होती. तबल्याच्या थापेआधी बारीकसं ‘फस्’ ऐकू यायचं, म्हणजे थाप पडण्याआधीच तिची वर्दी. नवरा म्हणाला तुझे भास आहेत. भास नव्हते. एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून त्यातलं काय गाळायचं ते ठरवतं. तुकड्यात मध्येच जोरदार ठोका आला आणि बिट अपुरे असले, की गाळण्यातली खरखर ठोक्याच्या अलीकडेही सांडते. तबल्यावर ते लगेच कळतं. भजनात टाळ असतात, त्यात कदाचित खपून गेलं असतं.

शेवटी ऑफिसातल्या आयटीवाल्या मुलाने सांगितलं, “ताई, फ्री-ॲक टाका.”

तर आता मूळ मुद्दा. फ्री-ॲक हे ‘फ्री ऑडिओ कन्व्हर्टर’चं लघुरूप. रॉबर्ट काउश नावाच्या जर्मन प्रोग्रॅमरचं काम, मुक्त स्रोत, पैसे नाहीत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. दिसायला अगदी साधं, जुन्या एक्सपीच्या काळाची आठवण येईल असं; मला ते आवडलं, कारण कुठे चमकणारं ‘अपग्रेड करा’ नाही. फोल्डर ओढून खिडकीत सोडायचं, एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा भाग) म्हणून ‘लेम’ निवडायचं, कुठे ठेवायचं ते सांगायचं, सुरू. पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवर १८० सीडींचं काम दोन तासांत उरकलं, कारण ते प्रोसेसरच्या सगळ्या गाभ्यांवर एकदम काम वाटून देतं. तेवढ्या वेळात पंखा मात्र टीएमटीच्या बससारखा घरघरत होता.

खरी करामत ‘लेम’ची आहे. एमपीथ्री जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत घडलं. तिने परवाने देणं एप्रिल २०१७मध्ये बंद केलं, तेव्हापासून तो हक्कांचा जाच उरला नाही. लेम हा त्या पद्धतीने फायली बनवणारा मुक्त एन्कोडर. गोखले रोडवर संध्याकाळी सहाला पर्समधला फोन वाजला तर ऐकू येतो का? हॉर्नच्या आवाजात तो बुडतो. लेम गाण्यात असेच बुडालेले आवाज शोधतं आणि तेच आधी टाकून देतं. किती टाकायचं हे आपण ठरवायचं. तयार दर्जे आहेत: ‘स्टँडर्ड’ सरासरी १९०च्या आसपास, ‘एक्स्ट्रीम’ २४५च्या आसपास, आणि सगळ्यात वर ३२०, ज्याचं नाव त्या लोकांनीच ‘इन्सेन’ ठेवलंय. वेडेपणा. प्रामाणिक माणसं.

मी ‘एक्स्ट्रीम’ने एक सरोदची फाइल केली आणि भाच्याला बसवलं. स्क्रीन त्याच्याकडे, हेडफोन माझ्या कानाला. कधी फ्लॅक, कधी एमपीथ्री, दहा वेळा. माझे सहा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते. तिथे माझा फ्लॅकचा अहंकार संपला. निदान ऐकण्यापुरता, जपून ठेवायला मूळ फ्लॅकच, ती हार्ड डिस्क मी कुणालाही हात लावू देत नाही.

पण डबा हा डबाच. ‘एक्स्ट्रीम’मध्ये दर प्रत्येक क्षणी बदलतो: शांत आलापीला कमी बिट, तबला आला की जास्त. वाजायचं छान. मात्र आईने बंद करून पुन्हा लावलं की जिथे थांबलं तिथून न सुरू होता भलतीकडेच उडी. म्हणून तिच्यासाठी सरळ १९२चा स्थिर दर ठेवला. नवरा रोज गाडीने महापेला जातो, त्याच्या स्टिरिओला ‘एक्स्ट्रीम’ बिनतक्रार चालतं. तिथे पंचाईत वेगळीच, देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. त्याच्या प्रतीसाठी नावं रोमनमध्ये लिहिली. तो निवडतो ते गाण्याच्या नावावरून नाही, ट्रॅफिकवरून, हा भाग वेगळा.

हिशेब जुळला नाही की मला झोप येत नाही. १८० सीडी, सरासरी ६५ मिनिटं, १९२ने सुमारे १७ जीबी व्हायला हव्या होत्या. झाल्या २१. चार जीबी गेल्या कुठे? मीच २०२०मध्ये प्रत्येक सीडीचं वेष्टन मोठ्या हौसेने स्कॅन करून प्रत्येक फाइलीत घुसवलं होतं, चार-चार एमबीचं चित्र, हजारेक फायलींत. आईच्या डब्याला चित्र दाखवायला स्क्रीनच नाही! सेटिंगमध्ये चित्र सोबत न्यायची एक टिक होती, ती काढली, हिशेब जुळला. तीच टिक आधी दाखवली असती तर एक रविवार वाचला असता, पण सेटिंग्ज इतकी आहेत की शोधावीच लागतात.

पेनड्राइव्हचं एक सांगून ठेवते. ३२ जीबीचाच घ्या. त्याहून मोठे बहुतेक एक्सफॅट नावाच्या वेगळ्या मांडणीत येतात आणि असले स्पीकर ते ओळखत नाहीत.

आणि क्रम. मी आधी चाचणी म्हणून लहान फायली केल्या, द्रुत, म्हणजे जलद लयीच्या बंदिशी, आठ-आठ मिनिटांच्या. आवाज पसंत पडल्यावर मग मोठे विलंबित ख्याल त्याच पेनड्राइव्हवर टाकले. लॅपटॉपवर ०१, ०२ अगदी शिस्तीत दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आईचा फोन. “काय गं, आज बाई आधी पळाल्या आणि मग चालायला लागल्या!” डबा नावं वाचतच नाही. जी फाइल आधी येऊन बसली ती आधी वाजवतो, रेशनच्या रांगेसारखं. पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करून सगळं क्रमाने पुन्हा टाकलं. शिवाय फ्री-ॲकमध्ये अनेक ट्रॅक जोडून एकच फाइल करायची सोय आहे. मैफिलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतात पण मध्ये गाणं थांबलेलं नसतं. डबा तिथे अर्धा सेकंद उचकी देतो. जोडून टाकल्यावर उचकी गेली आणि क्रमाची कटकटही. माझ्या दृष्टीने या एका सोयीसाठी पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या लपलेल्या टिकेसाठी.

आता रोज सकाळी तोडी लागतो. परवा गेले तर आई म्हणाली, “ते आधी पळणारं होतं ना, ते पुसलंस का?”

“अगं, ते चुकून झालं होतं.”

“असू दे चुकून. दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकून ठेव. नऊ वाजता भांडीवाली येते, त्या आवाजात विलंबित काही ऐकू येत नाही.”