२० पुस्तकांचा फास्टर फेणे, बडोद्यात पुन्हा एकदा

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणे या शाळकरी नायकाच्या २० पुस्तकांचा संच गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी मी ऑनलाइन मागवला. तो माझ्या ११ वर्षांच्या मुलीसाठी आहे असे घरात सांगितले होते. पार्सल फोडल्यावर मात्र पहिले पुस्तक घेऊन खिडकीशी बसले ती मीच. लहानपणी ही पुस्तके आम्हाला सलग कधी मिळाली नव्हती. दांडिया बाजारातून मांडवीपर्यंत चालत जायचे, मध्यवर्ती ग्रंथालयात वडिलांच्या कार्डावर जे पुस्तक हाती लागेल ते आणायचे आणि मधले भाग मैत्रिणीकडून तोंडी ऐकायचे, असा आमचा क्रम होता. महाराजा सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यात ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिचे केंद्र म्हणजे ही वास्तू. तिथल्या काचेच्या फरशीवरून वरच्या मजल्यावर कोणी चालले की खाली उभ्या असलेल्या आम्हाला त्याच्या पावलांच्या सावल्या दिसत. भागवतांचा जन्मही १९१०चाच, म्हणजे लेखक आणि ग्रंथालय एकाच वयाचे, हे मला या संचाच्या निमित्ताने लक्षात आले.

बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला आलेला किडकिडीत, सायकलवेडा मुलगा. बडोद्यात वाढलेल्या आम्हा मुलांना पुणे प्रथम कळले ते त्याच्याकडून, आणि फुरसुंगी हे नाव तर लेखकाने गमतीने रचले असावे अशी माझी पक्की समजूत होती. पुढे सांगलीला एका लग्नाला जाताना पुणे सोडल्यावर थोड्याच वेळात गाडीच्या खिडकीतून एका लहानशा स्टेशनाची पिवळी पाटी मागे गेली आणि तीवर तेच नाव होते. तेव्हा मी तिशीच्या आसपास होते आणि शेजारच्या प्रवाशाला हे सांगावे की नाही या विचारात पुढचे स्टेशनही निघून गेले.

आता पुस्तकांविषयी. ती आजही टिकतात का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की मोठ्याने वाचली तर नक्कीच टिकतात. भागवतांची गती घटनांपेक्षा वाक्यांत अधिक आहे: संवाद तुटक, क्रियापदे नेमकी, आणि जिथे दुसरा लेखक दोन ओळींचे वर्णन करील तिथे एक नादशब्द. बनेशचे ते प्रसिद्ध ‘ट्टॉक्’ मनात वाचताना केवळ छापील अक्षर राहते, पण टाळूला जीभ लावून उच्चारले की ऐकणारा सरसावून बसतो. आमच्याकडे हे काम आजीने केले, कारण मुलगी गुजराती माध्यमात शिकते आणि तिला देवनागरी येत असली तरी मराठी वाचनाची सवय नाही. पहिल्या दिवशी तिने ‘चाक’ मधला च हा ‘चहा’ मधल्या चसारखा उच्चारला. आजीने तो तीनदा म्हणवून घेतला, आणि चौथ्या वेळी ‘आजी, पुढे काय झालं ते आधी सांगा’ असे ऐकून पुस्तक स्वतःच हाती घेतले. त्या संध्याकाळी दोन प्रकरणे झाली आणि कुकरच्या शिट्ट्या कोणीच मोजल्या नाहीत.

तिने २०१७चा चित्रपट आधी पाहिला होता, त्यामुळे अमेय वाघचा तरुण फास्टर फेणे डोळ्यांपुढे ठेवून ती वाचू लागली आणि शाळेच्या गणवेशातला बनेश पाहून काहीशी खट्टू झाली. माझ्या पिढीच्या मनातला बनेश चित्रकार राम वाईरकरांच्या रेषेतला आहे, आणि मला दुसरा चालत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. योगायोग फार आहेत. चोर नेमके बनेश जिथे उभा असेल तिथेच येऊन कुजबुजतात, हे आठ-दहा पुस्तकांनंतर मुलांच्याही ध्यानात येते. सगळी २० पुस्तके एका तोलाची नाहीत. प्रतापगड, काश्मीर, चक्रीवादळ असे दूरदूरचे मुक्काम शीर्षकांतच दिसतात, पण माझ्या मते शाळा, वसतिगृह आणि सायकल यांच्या आसपास घडणाऱ्या गोष्टीच अधिक सरस आहेत, कारण तिथे बनेशच्या धाडसाला त्याच्या वयाचे माप असते. मुलींना वाव कमी आहे. मामेबहीण माली येते तेव्हा पुस्तक उजळते, आणि ती आणखी यायला हवी होती, ही माझ्या मुलीची तक्रार मला रास्त वाटते. जुन्या काळातले फोन आणि तारा मात्र अडथळा ठरत नाहीत. त्या समजावून सांगताना आजीला भलताच हुरूप येतो.

विक्रेत्याच्या कामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एक पुस्तक दोनदा आले, एक आलेच नाही, दोन मुखपृष्ठांचे कोपरे दुमडलेले होते, आणि बदली पुस्तक तीन आठवडे व चार फोन झाल्यावर मिळाले. म्हणून बडोद्यासारख्या ठिकाणी, जिथे मराठी पुस्तकांचे दुकान कोपऱ्याकोपऱ्यावर नाही, पार्सल आल्या दिवशीच शीर्षके मोजून घ्यावीत. ज्यांच्या घरी मराठी वाचन नुकते सुरू होत आहे, त्यांनी संपूर्ण संच घेण्याआधी ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ आणि ‘ट्रिंग ट्रिंग फास्टर फेणे’ ही दोनच घ्यावीत आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या हाती द्यावीत. आमचे दुबार आलेले पुस्तक शेजारच्या गुजराती मुलाने नेले आहे. तो ‘ळ’ आमच्या मुलांपेक्षा चांगला म्हणतो.