मूकवरचं (MOOC, म्हणजे कुणालाही खुल्या असलेल्या मोठ्या ऑनलाइन कोर्सवरचं) संशोधन: क्लिकचा डेटा बघायचा की माणसांशी बोलायचं?

अमेरिकेतल्या एमआयटीच्या २०१२ च्या सर्किट्सच्या ऑनलाइन कोर्सला साधारण १,५५,००० जणांनी नाव नोंदवलं आणि पास झाले जेमतेम ७,०००, हे असलं सगळं लॉगमधून, म्हणजे प्रत्येक क्लिकच्या आपोआप होणाऱ्या नोंदींतून, झटकन कळतं, कोण कुठे थांबलं, व्हिडिओ कुठे मागे नेला, अगदी सेकंदासकट. पण चौथ्या मिनिटाला तीनदा मागे नेला म्हणजे डोक्यावरून गेलं, आवडलं की मधेच फोन आला? लॉगला काय कपाळ कळणार! मुलाखतीत माणूस सरळ सांगतो, मला दोनच धडे हवे होते, सर्टिफिकेट घेऊन करू काय. म्हणजे आपण ज्याला गळती म्हणून मोजतो तो खुशाल काम उरकून गेलेला. फक्त मुलाखतीला येतात ते बहुतेक टिकलेलेच, सोडून गेलेले मेलला उत्तर कुठे देतात? मी तर आधी लॉग बघेन, मग गळतीच्या जागेवरचे वीसेक जण गाठेन.